करडईचें फूल आणि चिनी वैद्य

मागील हिंवाळ्यांत आमच्या घरीं, पिपरी (मेघे) येथें, केशराची एक लहानशी डबी आली. सून गरोदर होती, आणि गर्भिणीला केशर घातलेलें दूध द्यावें ही आमच्याकडील जुनी रीत. डबीवर काश्मीरचें नांव होतें; किंमत मात्र काश्मीरच्या मानानें फारच सौम्य होती. संशय आला म्हणून चार तंतू कोमट पाण्यांत टाकले. पाणी क्षणार्धांत नारिंगी झालें, आणि तंतू फुगून उलगडले तेव्हां प्रत्येकाची एक बारीक नळी झाली व नळीच्या तोंडाशीं पांच चिमुकल्या पाकळ्या दिसूं लागल्या. केशराचा तंतू असा उलगडत नाहीं. तो एका टोंकाला कर्ण्यासारखा रुंदावत गेलेला असतो, आणि रंग सावकाश सोडतो. माझ्या आईनें वाटींत डोकावून पाहिलें व एवढेंच म्हटलें, "अरे, ही तर करडी."

करडई आम्हां विदर्भांतील लोकांना नवी नाहीं. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या शेताला कडेनें करडईच्या चार ओळी पेरण्याची चाल पूर्वीं असे, कारण तिचे कांटे गुरांना आंत शिरूं देत नसत. कोंवळेपणीं पानांची भाजी होते. पुढें त्याच पानांच्या कडा इतक्या बोंचऱ्या होतात कीं कापणी पहाटे, दंवानें कांटे मऊ असतांना, हातापायांना फडकीं गुंडाळून करावी लागते. बियांचें तेल निघतें, पेंड गुरांना जाते. फूल मात्र कोणी घरीं आणीत नाहीं. तें झाडावर पिंवळें उमलतें, नारिंगी होतें, तांबडें होऊन वाळतें, आणि मळणीच्या वेळीं भुशाबरोबर वाऱ्यावर उडून जातें.

हें उडून जाणारें फूल चीनमध्यें औषध आहे, आणि साधेंसुधें नव्हे. आपल्याकडे हिरडा किंवा सुंठ जशी प्रत्येक वैद्याच्या फळीवर असावयाचीच, तसें तिकडे करडईचें फूल. एकच झाड दोन शेजारी देशांत गेलें; एकानें त्याचें बीं घेतलें व फूल टाकलें, दुसऱ्यानें फूल घेतलें व बियांकडे फारसें पाहिलें नाहीं. हें वांटप कसें झालें आणि त्यांत कोणी काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम नांवें पाहूं. संस्कृतांत करडईला कुसुंभ म्हणतात. अमरकोशांत तिला वह्निशिख आणि महारजन हे पर्याय दिले आहेत. भावप्रकाशांत वस्त्ररंजक असाही एक आहे. तिन्ही नांवें रंगाचीं आहेत. त्यांत औषधाचा वास नाहीं. आपल्या पूर्वजांनीं हें फूल पाहिलें तें रंगाऱ्याच्या डोळ्यांनीं. चिनी भाषेंत त्याला 'होंग ह्वा', म्हणजे नुसतें 'लाल फूल', म्हणतात. जुनें नांव 'होंग-लान-ह्वा', कारण त्याचें पान त्यांना नीळीच्या पानासारखें वाटलें. या नांवांतही रंगच आहे. म्हणजे आरंभ दोन्हीकडे सारखाच झाला असला पाहिजे, आणि खरोखरच चीनमध्येंही या फुलापासून गालाला लावावयाची लाली पुष्कळ काळ होत असे. फरक पडला तो पुढें.

झाड मूळचें चीनचें नाहीं, आणि बहुधा आपलेंही नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचें माहेर पश्चिम आशियांत मानतात. इजिप्तमधील ममींच्या गळ्यांतील माळांत याचीं फुलें सांपडलीं आहेत. चिनी परंपरा सांगते कीं, हान सम्राट् वू याचा दूत चांग छियेन पश्चिमेकडील देशांत वर्षानुवर्षें भटकून इ. स. पूर्वी १२६ च्या सुमारास परतला तेव्हां त्यानें हें बीं बरोबर आणलें. बर्थोल्ड लाउफर या अमेरिकेंत स्थायिक झालेल्या जर्मन पंडितानें १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'सायनो-इरानिका' या ग्रंथांत अशा गोष्टींची कसून छाननी केली आहे. त्याच्या मतें चांग छियेननें आणलेल्या वनस्पती दोनच, द्राक्षवेल व लसूणघास. बाकीच्या साऱ्या पुढच्या पिढ्यांनीं त्याच्या पदरांत टाकल्या. डोंगरांत कोठेंही लेणें दिसलें कीं तें पांडवांनीं एका रात्रींत कोरलें असें सांगणाऱ्या आपल्या लोकांनीं यावरून चिन्यांना हंसण्याचें कारण नाहीं.

औषध म्हणून या फुलाचा जुना उल्लेख सांपडतो तो चांग चुंग-चिंग या वैद्याच्या नांवानें चालत आलेल्या ग्रंथांत. हा वैद्य हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. २०० च्या आगेमागे होऊन गेला. त्याच्या ग्रंथांत बायकांच्या रोगांच्या प्रकरणांत 'होंग-लान-ह्वा'ची दारू सांगितली आहे. कृति अगदीं साधी: एक ल्यांग वजनाचीं फुलें मोठ्या मापभर दारूंत उकळून निम्मी आटवावी; निम्मा काढा एकदम प्यावा; दुखणें थांबलें नाहीं तर उरलेला प्यावा. पोटांत रक्त अडून टोंचल्यासारख्या कळा येतात त्यांवर हें औषध. दुसरें द्रव्य नाहीं, मंत्र नाहीं, पथ्याची लांबलचक यादी नाहीं.

येथें चिनी वैद्यकाची एक कल्पना समजून घेतली पाहिजे. आपल्या वैद्यकांत वात, पित्त व कफ यांच्या वैषम्याला जें स्थान आहे, जवळजवळ तेंच तिकडे वाहण्याला आहे. शरीरांत 'छी' नांवाची चेतना व रक्त हीं दोन्ही अखंड वाहत असावींत. कोठें आडकाठी आली कीं वेदना होते, गांठ होते, ऋतु बंद पडतो, अंग लुळें पडतें. रक्त असें थबकलें म्हणजे तें साकळलें, असें आपण मराठींत म्हणूं. आणि साकळलेलें रक्त हलविणें ही चिनी चिकित्सेची एक स्वतंत्र शाखाच आहे. त्या शाखेंत करडईचें फूल पुढच्या रांगेंत बसतें. त्याची चव तिखट, गुण उष्ण, आणि गति हृदयाकडे व यकृताकडे, असें चिनी निघंटु सांगतात. रस-वीर्याची भाषा आपल्याला परकी नसल्यामुळें हें वर्णन वाचतांना कोणाही मराठी वैद्याला घरच्यासारखें वाटेल. फूल लाल म्हणून तें रक्ताचें औषध, असा भोळा हिशेब याच्या मुळाशीं असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण असे हिशेब साऱ्या जगानें केले आहेत. त्यांतले कोणते पुढें अनुभवाला उतरले, हा प्रश्न वेगळा.

दहाव्या शतकांत, सुंग राजवटीच्या आरंभीं, राजाज्ञेनें जो औषधिकोश तयार झाला त्यांत या फुलाला अधिकृत जागा मिळाली. बाळंतपणानंतर येणारी भोवळ व पोटांत राहिलेलें दूषित रक्त यांवर तें देऊं लागले. याच काळाच्या पुढची एक गोष्ट चिनी वैद्य मोठ्या आवडीनें सांगतात. शिनचांग येथील श्यू नांवाच्या घराण्यांतली एक स्त्री बाळंत होतांच मूर्च्छित पडली. श्वास दिसेना. घरच्यांनीं ती गेली असें धरलें. छातींत मात्र किंचित् ऊब होती. लू आडनांवाच्या वैद्याला बोलावलें, तेव्हां तो म्हणाला, रक्त कोंडलें आहे. करडईचीं फुलें वीस-तीस शेर, जेवढीं मिळतील तेवढीं, आणा. मोठ्या कढईंत फुलें उकळून तें पाणी तीन लांकडी पिंपांत भरलें, पिंपांवर खिडकीची जाळी आडवी टाकली, आणि तिच्यावर त्या बाईला निजविलें. वाफ निवली कीं पुन्हां ऊन पाणी ओतीत. कांहीं वेळानें तिचें बोट हललें, आणि अर्ध्या दिवसानें ती शुद्धीवर आली.

गोष्ट खरी किती, कोण सांगणार! थंड पडत चाललेल्या देहाला तासन् तास वाफेची ऊब मिळाली, एवढ्यानेंही बाई सावध झाली असेल, आणि त्याला नुसतें पाणीही पुरलें असतें. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखालीं शेगडी ठेवून ओंव्या-बाळंतशोपेची धुरी देत, ती याचीच लहान बहीण. पण या गोष्टींत एक मर्म आहे. दारूच्या कृतींत फूल एक ल्यांग होतें, येथें तें वीस-तीस शेर झालें, आणि तेंही पोटांत न देतां बाहेरून. म्हणजे मात्रा आणि मार्ग यांचा विचार चालू होता. चौदाव्या शतकांत चू तान-शी या वैद्यानें तो स्पष्ट सूत्रांत मांडला: हें फूल पुष्कळ दिलें तर अडलेलें रक्त फोडतें, थोडें दिलें तर रक्ताचें पोषण करतें. औषध तेंच, काम मात्रेवरून ठरतें. आपल्याकडे अमुक वस्तु उष्ण व तमुक थंड असा शिक्का मारून जे लोक मोकळे होतात, त्यांनीं ही चिनी सावधगिरी ध्यानांत घ्यावी.

सोळाव्या शतकांत ली शी-चेन झाला. सत्तावीस वर्षें खपून त्यानें १५७८ सालीं 'पेन-त्साओ कांग-मू' हा औषधिकोश पुरा केला. तो १५९३ सालीं वारला, आणि छापील ग्रंथ १५९६ सालीं बाहेर पडला. त्यांत १८९२ द्रव्यें आहेत. वरील बाळंतिणीची गोष्ट त्यानेंच जुन्या टिपणांतून उचलून आपल्या ग्रंथांत घेतली, म्हणून ती आजवर टिकली. फूल रक्त हलवितें, कोरडेपणा घालवितें, वेदना शमवितें, सूज उतरवितें व ऋतु मोकळा करतें, असा त्याचा अभिप्राय. परंतु याच महापंडितानें एक मोठी चूकही केली, आणि ती आमच्या डबीशीं जवळचें नातें सांगणारी आहे. केशर त्याला ठाऊक होतें. त्याला त्यानें 'फान-होंग-ह्वा', म्हणजे परदेशी लाल फूल, असें म्हटलें व स्वतंत्र नोंद दिली. मात्र तें काय आहे हें सांगतांना, पश्चिमेकडील मुसलमानी मुलुखांतलें करडईचें फूलच तें, असें त्यानें लिहून ठेवलें. ज्या माणसानें शेंकडों भ्रम खोडून काढले, त्यालाही वाळलेलें केशर व वाळलेली करडई एकाच घरचीं वाटलीं. मग आमच्यासारख्या गिऱ्हाइकांची काय कथा!

पुढें काश्मीरचें केशर तिबेटमार्गें चीनला जाऊं लागलें तेव्हां त्याला 'त्सांग-होंग-ह्वा', तिबेटचें लाल फूल, हें नांव पडलें. तिबेटांत केशर होत नाहीं. तें तिकडून नुसतें जात असे. व्यापाराची वाट हीच वस्तूची जन्मभूमि समजली जाते याचें हें चांगलें उदाहरण आहे. आपण तरी काय केलें? संस्कृत कुंकुम म्हणजे केशर. मराठी कुंकू म्हणजे हळदीचें पूड. नांव राहिलें, वस्तु बदलली, आणि कोणाला फसल्यासारखें वाटलें नाहीं.

चिनी वैद्यांच्या मालिकेंत मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो वांग छिंग-रन (१७६८–१८३१). हा पेकिंगांत वैद्यकी करी. शरीराच्या आंतल्या रचनेविषयीं जुने ग्रंथ एकमेकांशीं जुळत नाहींत हें त्याला फार खुपे. १७९७ सालीं तो एका गांवीं गेला असतां तेथें लहान मुलांची साथ चालू होती. गरिबांचीं मेलेलीं मुलें चटयांत गुंडाळून उथळ पुरीत, आणि कुत्रीं तीं उकरून काढीत. वांग दररोज सकाळीं त्या जागीं जाई. प्रथम नाकाला पदर लावून गेला. मग त्याला वाटलें कीं, पूर्वसूरींच्या चुका झाल्या त्या त्यांनीं पाहिलें नाहीं म्हणूनच. त्यानें दहा दिवस तीं फाटलेलीं शवें निरखून पाहिलीं. सुश्रुतानें शल्यवैद्याला शव कुजवून थर थर पाहण्याचा उपदेश केला होता. तो आपल्याकडे पोथींत राहिला. येथें एक माणूस कोणी न सांगतां नाक धरून स्मशानांत उभा राहिला.

१८३० सालीं त्यानें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत चुकांची दुरुस्ती आहे आणि नव्या चुकाही आहेत. मेलेल्या देहांत रक्तवाहिन्या रिकाम्या दिसल्या म्हणून त्यांतून वायु वाहतो असें त्यानें ठरविलें. छातीच्या पोकळींत रक्त सांचलेलें दिसलें म्हणून तेथें 'रक्ताचें कोठार' मानलें. तें कोठार नव्हतें. मरणानंतर ओघळलेलें रक्त तेवढें होतें. पण त्या कोठाराच्या नांवानें त्यानें जो काढा बांधला, त्यांत करडईचें फूल आहे आणि तो काढा चीनमध्यें आजही छातींतल्या वेदनेवर देतात. अर्धांगवायूवर त्याचा दुसरा एक काढा आहे. त्यांत बळ देणाऱ्या हुआंग-छी नांवाच्या मुळीचे चाळीस भाग, तर करडईच्या फुलाचा एकच भाग. प्रथम शक्ति आणावयाची आणि मग तिला हलकेंच ढकलावयाचें, असा त्याचा विचार. चू तान-शीचें सूत्र येथें पुरें उमगलेलें दिसतें. शरीरशास्त्र चुकलेलें, कृति मात्र टिकलेली; वैद्यकाच्या इतिहासांत हा प्रकार वाटतो तितका विरळा नाहीं, आणि कोणत्याही देशाच्या अभिमान्यांनीं तो विसरूं नये.

विसाव्या शतकांत रसायनशास्त्रज्ञांनीं हें फूल हातीं घेतलें. त्यांत दोन प्रकारचे रंग आहेत. पिंवळा पुष्कळ असतो आणि पाण्यांत विरघळतो. तांबडा अगदीं थोडा, शेंकडा एक भागही नसतो, आणि तो पाण्यांत उतरत नाहीं. आपले रंगारी फुलें पाण्यांत तुडवून पिंवळा रंग वाहून जाऊं देत, मग खाराच्या पाण्यांत तांबडा सोडवीत, आणि शेवटीं लिंबासारख्या आंबटाचा हात देऊन तो कापडावर बसवीत. कुसुंबी लुगडें झालें तें असें. आतां गंमत अशी कीं, चिनी संशोधकांना औषधी गुण विशेषेंकरून आढळले ते त्या पिंवळ्या, पाण्यांत उतरणाऱ्या भागांत. रक्तांतील सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गुठळी होते ती क्रिया हा भाग मंदावतो, असें प्रयोगशाळेंत दिसलें. काढा पाण्यांत होतो, म्हणून चिनी वैद्याच्या पेल्यांत हा भाग नेमका उतरत असे. आणि आपल्या रंगाऱ्यांच्या हौदांतून तो शतकानुशतकें मोरीला गेला.

यावरून हें फूल हृदयरोगाचा रामबाण उपाय आहे असें मात्र समजूं नये. चीनमध्यें या पिंवळ्या द्रव्याचीं इंजेक्शनें हृदयविकार व पक्षाघात यांवर देतात. त्यांवर प्रयोगही पुष्कळ झाले. पण त्यांतले बरेचसे लहान व ढिले आहेत, आणि कांहीं रोग्यांना इंजेक्शनाची ॲलर्जी होते असाही अनुभव आहे. निश्चित सांगतां येईल तें एवढेंच कीं, फूल निरुपद्रवी नाहीं. वॉरफरिनसारखें रक्त गोठूं न देणारें औषध जे घेतात त्यांनीं डॉक्टरला विचारल्यावांचून याचा चहा किंवा काढा घेऊं नये. आणि गर्भिणीला तर चिनी वैद्य हें फूल जपून, बहुधा मुळींच, देत नाहींत. ज्या गुणानें तें अडलेला ऋतु मोकळा करतें, तोच गुण गर्भाला भोंवेल हें त्यांना शतकांपूर्वीं कळलें होतें.

आमच्या डबीची गोष्ट म्हणून मनांत राहिली. चिनी मात्रा दिवसाला तीन ते दहा ग्रॅम. दुधांत टाकावयाचे चार तंतू तिच्या शंभराव्या हिश्शालाही पोंचत नाहींत. तेव्हां घाबरण्याजोगें कांहीं नव्हतें. पण एका देशानें गरोदर बाईपासून जें फूल मुद्दाम दूर ठेवलें, तेंच दुसऱ्या देशांत 'गर्भाला चांगलें' म्हणून दुसऱ्याच्या नांवानें तिच्या पेल्यांत जावें, आणि विकणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही त्याचा पत्ता नसावा, हें मला चमत्कारिक वाटलें. डबी दुकानदाराला परत केली. त्यानें पैसेही परत दिले, आणि म्हणाला, "सगळे हेंच नेतात."

आपल्या वैद्यकानें करडईकडे पाहिलेंच नाहीं असें नाहीं. पाहिलें तें बियांकडे, आणि तेंही नापसंतीनें. चरकसंहितेंत निरनिराळ्या वर्गांतील सर्वांत अहितकर पदार्थांची एक यादी आहे. तींत वनस्पतींच्या तेलांमध्यें पहिल्या नंबरचें अपथ्य म्हणून कुसुंभाचें तेल बसविलें आहे. सुश्रुतही त्याला विदाही व डोळ्यांना वाईट म्हणतो. तरीही आमच्या सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू मुलुखांत पिढ्यान् पिढ्या करडईच्याच तेलाची फोडणी पडत आली. पोथी एकीकडे व पोट एकीकडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पारडें एकदम फिरलें. या तेलांत लिनोलिक नांवाचें आम्ल शेंकडा सत्तरांहून अधिक असतें व त्यानें रक्तांतलें कोलेस्टेरॉल उतरतें, म्हणून डॉक्टर मंडळी त्याची शिफारस करूं लागली. तेवढ्यांत आणखी एक वळण आलें. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १९६६ ते १९७३ या काळांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला होता; त्यांतल्या एका गटाला लोण्या-चरबीऐवजीं करडईचें तेल दिलें होतें. त्याचे जुने आंकडे पुन्हां काढून तपासले तेव्हां, कोलेस्टेरॉल उतरूनही, करडईच्या गटांत मृत्यु अधिक झाल्याचें आढळलें. हा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. चरकाचा विजय झाला म्हणून कोणी टाळ्या पिटूं नयेत. एका प्रयोगावरून स्वयंपाकघर बदलत नसतें, आणि चरकाच्या मनांत कोलेस्टेरॉल नव्हतें.

फुलाचा आपल्याकडील उपयोग, म्हणजे रंग, तर १८५६ नंतर संपत गेला. त्या वर्षीं विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलानें डांबरापासून कृत्रिम रंग काढला. पुढच्या कांहीं दशकांत स्वस्त विलायती रंगांनीं नीळ, मंजिष्ठा व कुसुंबा या तिघांनाही बाजारांतून हांकललें. बंगालमधून करडईच्या फुलांची परदेशीं निर्यात होई, तीही थांबली. रंग गेला आणि फुलाला दुसरें काम नव्हतें. चीनमध्येंही लालीचा धंदा बुडाला असेल. पण तेथें औषधाचें गिऱ्हाईक उभें होतें, म्हणून फूल वेंचणें चालू राहिलें.

आमच्या वर्ध्यालाही करडईकडे नव्यानें पाहण्याची एक संधि आली होती. डिसेंबर १९३४ मध्यें येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं दिलेल्या बागेंत, मगनवाडींत, कुमारप्पांच्या देखरेखीखालीं खेड्यांतल्या धंद्यांचे प्रयोग सुरू झाले, आणि झवेरभाई पटेल यांनीं तेलाच्या घाणीवर इतकें काम केलें कीं सुधारलेली घाणी पुढें 'वर्धा घाणी' या नांवानेंच देशभर ओळखली गेली. पिपरीहून मगनवाडी कांहीं लांब नाहीं. पण घाणी म्हटली कीं विचार बियांचा. फुलाचा विचार करावयाचा तर तो वैद्यांनीं करावयास हवा होता, आणि वैद्यांविषयीं गांधीजींचा अनुभव चांगला नव्हता. १९२१ सालीं दिल्लींत तिब्बिया कॉलेजच्या उद्घाटनाला गेले असतां त्यांनीं पाश्चात्त्य वैद्यकावर टीका केली, पण तिच्या बरोबरच, त्या लोकांत जी शोधक वृत्ति आहे ती आमच्या हकीम-वैद्यांत दिसत नाहीं, असें तेथल्या तेथें स्पष्ट सांगितलें. वांग छिंग-रनची गोष्ट त्यांना कोणी सांगितली असती तर ती त्यांना खचित आवडली असती. मात्र इतर प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांना त्यांचा विरोध असे, ही गोष्ट निराळी.

चीनशीं आपला वैद्यकीय संबंध आला तो अगदीं निराळ्या वाटेनें. जपाननें चीनवर स्वारी केली तेव्हां काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. तें १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून निघालें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस करडईच्या मुलुखांतले आणि गेले तेही होंग ह्वाच्या मुलुखांत. पण ते शस्त्रवैद्य होते, त्यांच्या हातीं सुरी होती, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं ते तेथेंच वारले. पथकांतले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढें १९५८ मध्यें पुन्हां चीनला गेले आणि सुया टोंचण्याची विद्या शिकून आले. आपल्याकडे ॲक्युपंक्चर रुजलें तें बऱ्याच अंशीं त्यांच्यामुळें. चीनहून सुया आल्या, पण औषधिकोश काही आला नाहीं.

फुलाकडे खऱ्या अर्थानें लक्ष गेलें तें महाराष्ट्रांतच, फलटणला. बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं तेथें स्थापिलेल्या कृषि संशोधन संस्थेनें करडईवर जें काम केलें त्यांत बिनकांट्यांच्या जाती आहेत, पाकळ्यांचा चहा आहे, आणि पाठीवर अडकवून पाकळ्या ओढून घेणारें एक यंत्रही आहे. कांटा हीच खरी अडचण होती. फूल वेंचावयाचें तर बोंडाभोंवतींचे कांटे चुकवून एकेक शेंडा चिमटींत धरावा लागतो, आणि कापणीसारखीं फडकीं गुंडाळून तें करतां येत नाहीं. चीनमध्यें आज सर्वांत मोठें पीक शिंच्यांग प्रांतांत होतें. तेथेंही वेंचणी पहाटे, दंव असतांना, बहुतांशीं हातांनींच करतात.

ज्या शेतकऱ्याला वाटतें कीं फूल काढलें तर दाणा भरणार नाहीं, त्याच्यासाठीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फूल पिंवळें असतें तेव्हां परागाचें काम चालू असतें. तें नारिंगी-तांबडें झालें म्हणजे काम संपलेलें असतें, गर्भधारणा होऊन गेलेली असते. चिनी वैद्याला हवें असतें तें याच अवस्थेंतलें फूल. तें काढून घेतलें तरी खालीं बोंडांत दाणा भरावयाचा तो भरतोच. तेल आणि औषध यांचें या झाडांत मुळांत भांडणच नाहीं.

इकडे करडईचें क्षेत्र मात्र झपाट्यानें घटलें. एके काळीं या पिकांत भारत जगांत पहिला होता. १९९० नंतर सोयाबीन व हरभरा यांनीं तिची जागा घेतली, आणि कांहीं लाख हेक्टरांचें पीक एक लाखाच्याही आंत आलें. पिपरीला वर्धा शहर येऊन भिडलें. शेतांचे प्लॉट पडले. या माघांत आई सुनेला घेऊन नातेवाइकांच्या शेतावर गेली होती. बांधावर करडईचीं दहा-बारा झाडें आपोआप उगवलेलीं होतीं. आईनें पाकळ्या कशा सुटतात तें सुनेला दाखविलें आणि मूठभर पदरांत बांधून आणल्या. त्या आतां कांचेच्या बाटलींत आहेत. बाटलीवर सुनेनें चिठ्ठी लावली आहे, 'करडी, केशर नव्हे'.